अदीबचा हात

४ एप्रिल १९१७, बुधवार
तुर्की रेल्वेच्या बीर सफा स्टेशनात नवा तारवाला म्हणून पोचलो. दगडी इमारत, पाण्याचं टाकं, अकरा शिपाई. कप्तान रागिबने गाव विचारलं. होम्स म्हटल्यावर तो पोट धरून हसला. होम्सचा माणूस आणि तोही बुधवारी, अक्कल घरी ठेवून आलास ना, म्हणाला. होम्सकर दर बुधवारी वेडे होतात, हा विनोद दमास्कसपासून प्रत्येक स्टेशनावर ऐकत आलो आहे. तरी बरं वाटलं. आईने दिलेली जर्दाळूची वडी हवालदार दुर्मुशला दिली. तेव्हापासून तो मला जावई करायला निघाला आहे.

दुपारी दक्षिणेच्या वादी हशीम स्टेशनावरून तारेवर हाक आली. अदीब! तारखात्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्याची दोन बोटं आखडलेली आहेत, त्यामुळे शब्दाचा शेवटचा ठोका उशिरा पडतो. त्याला नाव सांगावं लागलं नाही. ठोके देण्याच्या ढबीला आम्ही हात म्हणतो. हात ओळखला की ओळखीची गुप्त खूण विचारायची नाही, अशी आम्हा तारवाल्यांची रीत. विचारणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं.

११ एप्रिल
उत्तरेकडचे रूळ उडवले. तुर्की सरकारवर उठलेल्या शरीफच्या बंडातल्या बदू टोळीवाल्यांबरोबर वेल्बी नावाचा एक इंग्रज अधिकारी हिंडतो, हे त्याचं काम. दुर्मुश म्हणतो, तो उंटावर पोत्यासारखा बसतो, पण सुरुंग असा पुरतो जणू बाळ निजवतोय.

१५ एप्रिल
बदूंनी चारी बाजूंनी वेढलं आहे. पाणी चार दिवसांचं. सकाळी अदीबची तार: मदीनेची मदतगाडी माझ्याकडून सुटली. धीर धरा. दार उघडू नका.

कप्तानाने विचारलं, नक्की अदीबच का. मी शपथ घेतली. शत्रू तार चोरेल, हात कसा चोरेल?

१६ एप्रिल
वादी हशीम तीन तासांवर आहे. गाडी आली नाही. अदीबला विचारलं. तो म्हणतो, सुटली.

१७ एप्रिल
सकाळी वेल्बी पांढरं फडकं घेऊन दारापाशी आला. सोबत बदूंचा शेख. वेल्बीचं अरबी पुस्तकी आहे. कप्तानासाठी मी तुर्कीत सांगत होतो. अटी सोप्या: उद्या दुपारपर्यंत बाहेर या, बंदुका इथे ठेवा, माणसं सुखरूप जातील. शेखने दाढीला हात लावून आपल्या तोंडाची आण दिली. बदू ती आण मोडत नाही. कप्तान आनातोलियाचा तुर्क, त्याला ते फक्त दाढी खाजवणं वाटलं. तो म्हणाला, आमची गाडी येतेय.

वेल्बीने मला विचारलं, कोण म्हणालं. मी सांगितलं, वादी हशीम.

तो म्हणाला, ते स्टेशन त्याने स्वतः मार्चच्या तीन तारखेला उडवलं. आतला तारवाला तारेचा खटका सोडून बाहेर येईना. छत त्याच्यावर पडलं. वेल्बीनेच त्याला उकरून काढलं आणि पुरलं. उजव्या हाताची दोन बोटं आखडलेली होती.

कप्तानाने विचारलं, काय म्हणतोय. मी म्हणालो, धमक्या देतोय.

का तसं म्हणालो? आत खटका वाजत होता. अदीब मला हाक मारत होता.

१८ एप्रिल, सकाळ
कप्तानाला खरं सांगितलं. काल मी खोटं बोललो, बाहेर पडू या, म्हटलं. त्याने विचारलं, हात तोच आहे ना? मी म्हटलं, तोच. मग झालं तर, म्हणाला. आज बुधवार आहे, होम्सकर, जरा झोप. दाराला कुलूप घालून किल्ली गळ्यात अडकवली.

छतावर चढलो. तार दोन्ही बाजूंनी कापलेली. टोकं वाळूत वेटोळून पडली आहेत. केव्हाची वाळू चढली आहे त्यांवर.

खाली खटका वाजतोय.

दुपार होत आली
दुर्मुशला सांगितलं, किल्ली हिसकावून घे. तो रडतो आहे. म्हणतो, तूच शपथ घेतली होतीस बाळा, मी तुझ्यावर विसंबलो. टाक्यात चिखल आहे.

बाहेर शेख उभा आहे. उन्हात, दाढीवर हात ठेवून नुसता उभा. सूर्य डोक्यावर—

वेल्बी घड्याळ पाहतो. कप्तानाने त्याच्यावर गोळी झाडली. नेम चुकला. शेखने दाढीवरचा हात काढला.

उंट उठवताहेत—

खटक्याच्या तारा मी उपटल्या. बॅटरी फोडली. तरी—

शेवटचा ठोका आता उशिरा पडत नाही. हा अदीब नव्हे. दोन शब्दांमध्ये श्वास न घेता धावणारा हा हात— तारखात्याच्या शाळेत मास्तर ह्यासाठी मला छड्या मारायचे.

माझे दोन्ही हात या वहीवर आहेत.

तो उत्तरेकडच्या कलअत नूर स्टेशनाला हाक मारतोय. त्यांचं उत्तर आलं. त्यांनी खूण विचारली नाही. ओळखलं मला.

विचारा, अरे खूण विचारा—

गाडी माझ्याकडून सुटली. धीर धरा. दार उघ