नारावे कुठून येतो

१२ मार्च, मंगळवार

वाटाणे! इथे कोणी पाहिलेत वाटाणे — डब्यातले सोडून? पुस्तकात पानंच्या पानं वाटाण्यांची. गोल, सुरकुतलेले, हिरवे, पिवळे. आणि बारावीची पोरं समोर जांभया देतायत. भर समुद्रातल्या ह्या मालो बेटावर उभं राहून युरोपातल्या कुठल्याशा मठातले वाटाणे शिकवायचे — मी तरी घसा किती कोरडा करू!

शेवटी मागच्या बाकावरून फाबियानो म्हणाला, "मिस, हे राहू द्या हो. नारावे कुठून येतो ते सांगा."

अख्खा वर्ग जागा झाला. डुकराच्या विणीत क्वचित एखादं पिल्लू निघतं, धड नर नाही, धड मादी नाही — तो नारावे. त्याला पिल्लं होत नाहीत, पण आमच्याकडे त्याच्यापेक्षा मोलाचं जनावर नाही. मुखियाची पदवी घ्यायची तर नारावे. खुनाचा समेट करायचा तर नारावे. फाबियानोचं म्हणणं सरळ होतं, "त्याला पोर होत नाही, तर मग ते संपत का नाहीत? त्यांचा बाप कोण?"

"बाप कोणी का असेना," लिसी ठसक्यात म्हणाली. "आई बघायची असते. माझे आजोबा आई बघूनच डुक्कर घेतात."

बास! उचलला खडू. वाटाणे पुसले आणि डुकरीण काढली (सगळे हसले, चित्र माझं भयंकर). तिच्यात एक गोष्ट लपलेली आहे. तिला स्वतःला काही होत नाही, ती साधी डुकरीण. पण ती गोष्ट ती पुढे देते, तिच्या साध्या मुलीही देतात, आणि मध्येच कुठेतरी ती बाहेर दिसते. दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं! नक्की कोणत्या नियमाने ते मला ठाऊक नाही, पुस्तकात नारावे नाहीच. तसं पोरांना सांगूनही टाकलं. घंटा झाली तरी कोणी उठेना. इतक्या वर्षांत असा तास झाला नव्हता!


१४ मार्च, गुरुवार

शाळेतून मामांकडे. मामा गव्हर्नरला भरवत होते. गव्हर्नर म्हणजे त्यांचा नारावे. वरचे सुळे लहानपणीच काढलेले, त्यामुळे खालचा दात वळत वळत आता गालाला टेकलाय. त्याला धड चावता येत नाही. म्हणून मामा रोज टारोचे कंद उकडतात, नारळ खवतात, आणि घास करून हाताने देतात. गुडघे दुखतात, पण मामीलाही करू देत नाहीत! मी नुसती बघत बसले. कोणाला इतकं जपता येतं!

वर्गातली गंमत सांगितली. मामा खूश. "मग सांग तुझ्या पोरांना, विणीआधी डुकरिणीला पिकली पपई द्यायची. हमखास नारावे होतो."

"काहीतरीच! पपईचा काय संबंध?"

"तुझ्या पुस्तकात नारावे आहे का?"

"नाही."

"मग गप्प बस." आणि मिसेसला — गव्हर्नरची आई, आता पुन्हा गाभण — अख्खी पपई घातली. हट्टी म्हातारा.


१७ मार्च, रविवार

चर्चबाहेर, सगळ्या बायकांदेखत! सासूबाई मामांना म्हणाल्या, "चार वर्षं झाली. आम्ही लग्नात सुनेसाठी डुकरं दिली ती तिला शाळेत पाठवायला नव्हे. नातू नाही, तर डुकरं परत करा. नाहीतर एवढी जनावरं गोळा करण्यापेक्षा तुमचा तो गव्हर्नर द्या, विषय मिटला. जूनच्या सुट्टीपर्यंत बघू."

जोसेस शेजारीच उभा. नवरा माझा! स्वतःच्या चपला बघत होता.

आणि मामा — मला वाटलं आता कडाडतील. शांतपणे म्हणाले, "जूनमध्ये या. तेव्हा जे ठरेल ते देईन. पोरीपेक्षा डुक्कर मोठं नाही."

घरी येताना वाटेत रडले. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे मामाच, आणि माझ्यापायी गव्हर्नर जाणार.


२१ मार्च, गुरुवार

इथे तरी खरं लिहावं. मला पाळी कधी आलेलीच नाही. मिशनच्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, काहींना उशिरा येते. आईला माहीत होतं. जोसेसला माहीत आहे, तो विचारत नाही. जीवशास्त्र शिकवते मी! दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर कधीच डॉक्टरकडे ओढून नेलं असतं.


४ एप्रिल, गुरुवार

लुगनविलच्या इस्पितळात जाऊन आलो. होडीत जोसेस बरोबर. स्वतःहून आला, आईला सांगितलं जाळी घ्यायला चाललोय.

डॉक्टर वासिती म्हणून फिजीच्या बाई आहेत. धिप्पाड, हसऱ्या, हात ऊबदार. खूप प्रश्न विचारले. पोटावर यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग खुर्ची जवळ ओढून बसल्या, तेव्हाच कळलं.

"गर्भाशय दिसत नाही," म्हणाल्या.

लहान आहे का, मी विचारलं. नाही. नाहीच आहे. जन्मापासून. रक्त घेतलंय, ऑस्ट्रेलियाला जाईल, कारण कळायला वेळ लागेल.

बाजाराजवळ जोसेसने भात आणि डब्यातली मासळी घेतली. मला जाईना. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला तू पाहिजेस." मी म्हटलं, हे आईसमोर बोल ना! त्यावर पुन्हा चपला. चिडले, पण त्याचा हात सोडला नाही.


९ एप्रिल, मंगळवार

आजचा धडा — मुलगा की मुलगी, कसं ठरतं. दोन एक्स, मुलगी. एक एक्स, एक वाय, मुलगा. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली रेघ ओढली. आईकडून नेहमी एक्सच, दुसरं अक्षर बापाकडून. लिसी उसळली, "म्हणजे मुलगी झाली म्हणून बाईला बोलतात ते चूक?" साफ चूक! पोरींनी बाकं वाजवली. पोरगी आज घरी जाऊन बापाशी भांडणार. भांडू दे.

किती देखणं आहे हे सगळं! दोन अक्षरं, आणि त्यातून माणूस. तास चालू असेपर्यंत मी माझं पोट विसरले होते.


२४ एप्रिल, बुधवार

मिसेस व्यायली. गोठ्यात मामा गुडघ्यांवर, हातात एकेक पिल्लू घेऊन शेपटीखाली बघतायत. सगळी साधी. एकही नारावे नाही.

मामी म्हणाली, "तुमची पपई बघा!" मामा हसले, पण चेहरा उतरला होता. म्हणजे द्यायचा झाला तर गव्हर्नरच.

तरी त्या साध्या मादी पिल्लांना काय जपून पुसत होते! मी म्हटलं, मामा, ह्या तर साध्याच. "ह्यांच्याशिवाय पुढचा नारावे काय आभाळातून पडणार?" म्हणाले. डोळे भरून आले माझे. का ते मला माहीत आहे.


२५ एप्रिल, गुरुवार

सासूबाईंनी बाहेरच्या कुंपणात नवीन खांब रोवले. गव्हर्नरसाठी. विचारलंही नाही, नुसतं दाखवलं.


९ मे, गुरुवार

जीन कापून दुसरीकडे बसवायचा धडा. मला भीती होती, पोरांच्या डोक्यावरून जाईल. छे! इन्सुलिनपासून सुरू केलं. गावात निम्म्या घरांत कोणीतरी टोचून घेतंच. माणसाचा इन्सुलिन करायचा जीन काढायचा, एका जंतूत नेऊन बसवायचा. जंतू बिचारा आपलंच काम समजून इन्सुलिन करत बसतो! पोरं थक्क. मीही दर वर्षी नव्याने थक्क होते. कोणाला सुचलं असेल?

संध्याकाळी मामीला सांगितलं, तीही टोचून घेते.

"म्हणजे मी जंतूंनी रांधलेलं अंगात घेते?"

"हो."

"बरे आहेत की गं! आमच्या सुना चहाचं विचारत नाहीत."

फाबियानोची शंकाही मामांपुढे ठेवली — मग नारावेसुद्धा प्रयोगशाळेत करता येईल का? मामांनी कावाच्या मुळांचा कडू घोट घेतला, थुंकले, विचार केला. "करतील. हुशार माणसं आहेत. पण समेटाला नेला आणि समोरच्याने विचारलं, आई कोणती ह्याची, तर काय सांगतील?"

घरी येताना एकच डोक्यात. कापतात, जोडतात, जंतूंकडून कामं करून घेतात. मला एक गर्भाशय शिवून द्यायला काय होतं? मूर्खासारखं आहे, कळतंय. पण वाटलं.


२१ मे, मंगळवार

डॉक्टरांचा निरोप नाही. सासूबाई बोलत नाहीत. जोसेस मासे आणतो, सगळ्यात मोठा माझ्या ताटात, गुपचूप.


७ जून, शुक्रवार

डॉक्टर वासिती स्वतः होडीने आल्या! शाळा सुटल्यावर वर्गातच बसलो. त्यांनी कागद ठेवला.

एक्स. वाय.

मी म्हटलं, नमुना बदललाय. "मलाही तसं वाटलं, म्हणून पुन्हा करायला सांगितलं," म्हणाल्या. "तेच आलं."

मग सावकाश समजावलं. वाय हाक मारतो — मुलगा हो! पण माझ्या शरीराला ती हाक ऐकूच येत नाही. म्हणून ते आपलं बाईचं झालं, पूर्ण, फक्त आतलं गर्भाशय झालं नाही. आत दोन गाठी आहेत, पुरुषाला असतात तशा, त्यांचं काय करायचं ते पुढे बघू, घाई नाही. मूल होणार नाही.

"हे येतं कुठून?" मी विचारलं.

"आईकडून. तिला काही होत नाही. ती फक्त पुढे देते."

मी खदाखदा हसले! डॉक्टर घाबरल्या. त्यांना काय सांगू, हेच मी ह्याच फळ्यावर लिहून पोरांकडून पाठ करून घेतलं! डुकरीण काढून!

मग रडले. म्हटलं, मी बाई नाही का मग?

"सकाळी जी होतात तीच आहात," म्हणाल्या. माझी वेणी सुटली होती, ती त्यांनी घालून दिली.

त्या गेल्यावर बसून राहिले. तेस मावशी आठवली — आईची बहीण, माझ्यासारखीच उंच, माझ्यासारखी गुळगुळीत कातडी, लग्न करून परत आली होती. जन्मभर वांझ म्हणून ऐकलं तिने. मामांनी घरात ठेवून घेतलं तिला, पण बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? तिला हे कोणीच सांगितलं नाही.


८ जून, शनिवार

गव्हर्नरकडे गेले आणि परत फिरले. मी काही डुक्कर नाही! दात वळवून घेऊन गावभर मिरवायला! माणसांत असल्याला मान मिळतो का? माणसांत कुजबूज मिळते. बाजारात, चर्चमध्ये, विहिरीवर.

संध्याकाळी जोसेसला सांगितलं. अक्षरं काढून दाखवली, वाळूत. वाकून दोन्ही अक्षरं बघितली. मग म्हणाला, "हे असलं तरी तू इथेच राहणार ना?"

"तुझी आई ठेवेल तर."

"आईला मी नाही सांगू शकत."

"मग कोण सांगणार?"

"तुझे मामा." शूर नवरा! पण वाळूतली अक्षरं त्याने पायाने पुसली नाहीत, वळसा घालून गेला.


१० जून, सोमवार

पोरांना वह्या उघडायला लावल्या. एप्रिलचं पान. दोन एक्स मुलगी, एक्स-वाय मुलगा. त्यापुढे लिहा, 'बहुतेक वेळा'. फाबियानोने विचारलं, परीक्षेत हे लिहिलं तर मार्क जातील का? म्हटलं, जाऊ देत. खरं लिहा.

मीही फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. उद्या सुट्टी लागते. उद्या मामा.


११ जून, मंगळवार

मामांना सांगितलं. अक्षरांसकट, सगळं. सासूबाई उद्या येणार म्हणून गव्हर्नरला दोर बांधून ठेवलेला होता.

मामांनी एवढंच विचारलं, "कोणाकडून आलं हे?"

"आईकडून. तिला आजीकडून असणार."

मामा उठले. गव्हर्नरचा दोर सोडून त्याला परत गोठ्यात घातलं. नवा सदरा घातला, काठी घेतली आणि मामीला म्हणाले, "जोसेसच्या घरी जाऊन येतो. माझ्या बहिणीच्या पोटी असं लेकरू आलं, आणि त्या लोकांनी लग्नात डुकरं किती कमी दिली बघ!"