फेटूचा भात आणि मर्व्हचा डुक्कर

९ जानेवारी
सगळी लॅब ओकली! आमची बॉस नोरीन, तिच्या साठाव्या वाढदिवसाची मेजवानी, तिच्याच अंगणात. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. जंतूंच्या विषाने चिडलेल्या पेशी मेंदूला 'सगळं बाहेर काढ' हा निरोप कसा धाडतात, यावर डोकं फोडणारे आम्ही — हिरवळीवर ओणवे. नोरीन बादली धरून ओरडतेय, "काहीही फेकू नका! उरलेलं सगळं अन्न वेगवेगळ्या नळ्यांत भरा!" मी भरलं. मधे दोनदा थांबून.

१० जानेवारी
सगळ्यांची बोटं आमच्याच लॅबमधल्या फेटूकडे. परतलेला भात त्याचा, रात्रभर ओट्यावर राहिलेला.
"आईची पद्धत आहे ही! आणि सकाळी कडकडीत गरम केला होता मी!"
शिळ्या भातातलं विष उकळूनही जात नाही, हे तोच मुलांना शिकवतो! पण आईच्या सामोआ बेटावरच्या स्वयंपाकाचा विषय निघाला की त्याची पीएचडी गळून पडते.
"ब्रिजेट, तू तरी सांग ना यांना." मी बुटांकडे बघत बसले.
मला फेटू आवडतो. लिहून टाकलं एकदाचं.

११ जानेवारी
विष ओळखायची आमची पद्धत मी घरी अजून सांगितलेली नाही. डुकराचं वीर्य लागतं. शुक्राणू पोहत राहिले तर अन्न निर्दोष, थिजले तर विष. तूवूम्बा गावच्या मर्व्हकडे गेले, तो डुकरं पाळतो. "परत आलीस? अगं पोरी, त्यापेक्षा नवरा बघ!"
येताना पोलिसाने अडवलं. थर्मासमध्ये काय आहे? खरं ते सांगितलं. "जा बाई, जा तू," म्हणाला.

१२ जानेवारी
नोरीनचा नियम — कुठली नळी कशाची, हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. एकाच नळीत शुक्राणू ठार थिजले. नोरीनने नाव वाचलं — भात.
आणि विष किती! आमचा फ्रीझरमधला जंतू विष बनवण्यात इतका आळशी, की मार्चमध्ये प्रकल्पच गुंडाळणार होते. हा जंतू म्हणजे सोनं! पण तो आहे कुठे? तपासणीआधी सगळ्या नळ्या आम्हीच वाफेच्या कुकरात घातल्या. नियमाप्रमाणे! विष टिकलं, जंतू मेला. आम्ही हुशार!
आता उरलं फेटूचं पातेलं — जिवंत जंतू असलाच तर त्यातच. मागायचं कुणी? मी.

१३ जानेवारी
सांगितलं. "भातच होता, फेटू."
"तू दोनदा वाढून घेतलास."
"छानच झाला होता रे."
"म्हणजे डुकरावर विश्वास, माझ्यावर नाही!" निघून गेला. पातेल्याचं राहिलंच. घरी येऊन रडले. प्रकल्पासाठी नाही.

१४ जानेवारी
आला नाही. फोनही उचलत नाही. नोरीनने म्हणे त्याला लांबलचक निरोप ठेवलाय. काय बोलली ते सांगत नाही — नुसती हसते. मेली!

१६ जानेवारी
आज दार वाजलं. फेटू! काखेत पातेलं, त्यावर ताटली.
"नोरीनने सांगितलं, तुम्हाला जंतू जिवंत हवाय. पुन्हा तसाच भात केला — त्याच ओट्यावर, दोन दिवस. आई रागावलीय. वास घे!" मग खाली बघत, "खाऊ नकोस मात्र. तू आजारी पडलेली मला चालत नाही."
मी ताटली उचलली. भयंकर घाण! इतकं सुंदर मला आजवर कुणी काही दिलं नव्हतं.