लाईटीची का पेट्रोलची

६ एप्रिल, रविवार
रामेश्वरचा पुण्याहून फोन. नवी गाडी घेतोय. पेट्रोलची का लाईटीची, ह्यावर त्याचं न् सूनबाईचं, मोहिनीचं, चाललंय. आनंदाच्या भरात तव्यावरची भाकर करपली. दोन दिवाळ्या लेकरू आलं न्हाई ते कावून? जुन्या गाडीला इथं घाटनांदूरला जाऊन-येऊन पाच हजाराचं पेट्रोल लागतं, त्यानंच सांगितलं होतं. माझ्या नातीला, संस्कृतीला, पेट्रोलनं अडवून धरलंय. दुसरं काई न्हाई.

९ एप्रिल
हिशोब केला. चौथी शिकलेय, गुणाकार येतो. पेट्रोलची गाडी घेताना स्वस्त, मग जन्मभर पाजत बसा. लाईटीची घेताना महाग, पण तेवढ्याच वाटेला सात-आठशाची लाईट. ऑइल बदलणं न्हाई. म्हंजी पेट्रोलच्या एका खेपेत लाईटीच्या सहा खेपा. सहा वेळा पुरणाचा घाट झेपंल का मला, तेवढीच काळजी.
शिवाय लाईट तयार होती परळीच्या थर्मलात, न् परळी माझं माहेर. माहेरपणाला गेले की दोरीवरची लुगडी थर्मलच्या चिमणीच्या राखेनं भुरकट व्हायची, आई शिव्या घालायची. आता त्याच चिमणीची लाईट नातीच्या गाडीला. घरचीच म्हणायची.
फोन करून सगळं सांगितलं. रामेश्वर हं हं म्हणला. पटलं त्याला.

१४ एप्रिल
धोंडीराम भाऊजी आले. जीप चालवतेत अंबाजोगाईची, डिझेलची, म्हणून जळतेत. म्हणे, वहिनी, लाईटीची गाडी म्हंजी म्हातारी शेळी, सदा दाव्याला. पेट्रोलची कुठंबी बंद पडू द्या, गावागावात मिस्त्री हाय. मी म्हणलं, तुमच्या जीपला तर मिस्त्री आधी न् पॅशिंजर मग. चहा पिऊन उठले.

२३ एप्रिल
गोठ्यात गाडीच्या चार्जिंगचा पॉइंट बसवला. गाडीला सावलीची जागा पायजे म्हणून म्हैस साखराबाईला दिली. शेजारीच हाय, दिसती रोज. दूध आता तिच्याकडूनच विकत आणते. एवढं चालायचंच.
वायरमननं जमिनीत मीठ-कोळसा घालून अर्थिंग पुरलं. उन्हाळ्यात रोज पाणी घाला म्हणला. तुळशीला एक तांब्या, अर्थिंगला एक.

३० एप्रिल, आखिती
अक्षय तृतीयेच्या मुहूर्ताला गाडी घेऊन सगळी इकडंच येतील म्हणून पुरण शिजवलं, आमरस केला. नारळ आणला, चार चाकांखाली ठेवायला चार लिंबं आणली. घरच्या दारात ओवाळल्याबिगर गाडी वापरायची न्हाई, ही आपल्याकडची रीत.
दुपारी फोन. गाडी मिळाली. लाईटीचीच घेतली! माझा हिशोब ऐकला पोरानं. पूजा तिथंच शोरूमवाल्यांनी केली म्हणे, फीत कापून. ती कंपनीची पूजा. घरची राहिलीच की.
पुरण साखराबाईकडं दिलं.

१८ मे
एका चार्जिंगमधी घाटनांदूर होत न्हाई म्हणतो रामेश्वर. मधल्या वाटेवरची चार्जिंगची मशीन चालू असंल का बंद, नेम न्हाई. लेकराला घेऊन रानात कुठं उभं राहायचं? बरोबर हाय त्याचं. मी म्हणलं, गोठ्यात आपला पॉइंट हाय. तो म्हणला, तिथवर आलो तर ना, आई.

२५ मे
मोहिनीनं फोटू पाठवले. गोव्याचे. संस्कृती गाडीला टेकून उभी, मागं समुद्र. केवढी झालीय. माझ्या आईसारखं नाक निघालंय तिचं.
भाऊजींनी फोटू बघितला. म्हणे, वहिनी, गोवा तर पुण्याहून घाटनांदुरापेक्षा लांब पडतंय. मी सांगितलं, समुद्राकडं उतार असतोय, उताराला बॅटरी कमी लागती. आपलं गाव पडलं चढावर. भाऊजींचा जन्म जीप चालवण्यात गेलाय. टोपी घातली न् गेले.

८ जून
साखराबाई म्हणती, पॉइंट रिकामाच हाय तर कडबा-कुट्टीची मशीन लावू का. न्हाई म्हणलं. अचानक आले तर?
लिंबं सुकली. नारळ चांगला हाय अजून.

२२ जून, रविवार
काल पडल्या पडल्या सुचलं. इतके दिवस कसं सुचलं न्हाई, काय माहीत. मीच जाते की पुण्याला. पंचाहत्तरीच्या पुढं एसटी फुकट हाय. पेट्रोल न्हाई, लाईट न्हाई, चार्जिंग न्हाई. सगळ्यात स्वस्त गाडी माझीच निघाली. उठून पिशवी भरली. दोन लुगडी, शेंगदाण्याचे लाडू, नारळ. ओवाळणं तिथंच करीन.
सकाळी फोन केला. म्हणलं, एक रुपया खर्च न्हाई बघ कुणाला.
 रामेश्वर म्हणला, आत्ता नको आई, संस्कृतीची परीक्षा हाय.
शाळा ह्याच सोमवारी उघडली. पण पुण्याच्या शाळा मोठ्या. अभ्यास पहिल्या दिवसापासनंच असंल.
लाडू डब्यात काढले. अर्थिंगला पाणी घातलं.