अकरा वेळा पोचलेली यादी

सोम., ७ जुलै
ऑफिसात पाऊल टाकलं तर एक गृहस्थ वाट बघत बसलेले. शाहूवाडीकडचे. सोबत मुलगी, अश्विनी. ज्या नर्सिंग कॉलेजची साइट आम्ही सांभाळतो, तिथल्या वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव होतं. शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता, कळवला नाही, जागा गेली. "तुम्हीच केलीसा न्हवं साईट? पोरगी चार दिस फोन घिऊन बसल्या, यादीच दिसंना." साइटच्या नोंदी बघितल्या. पान सगळे दिवस चालू. तसं सांगितलं. पोरगी खाली बघत राहिली. चहासुद्धा विचारला नाही मी.

मंगळ., ८
डोक्यातून जाईना. माझी तपासणी परत चालवली. ब्राउझर न उघडता थेट सर्व्हरकडे पान मागायचं. उत्तरात २०० हा आकडा आला की पान पोचलं. आजही २००, नोंदींत त्या चारही दिवशी २००. ऑफिसच्या ब्राउझरमध्येही उघडलं. यादी आहे, अश्विनी पाचवी. मग तिलाच कसं…
मालक, महेशदादा : "शबाना, नोंदी छापून कॉलेजला दे. तिला पाठवलेल्या लिंकवर पान अकरा वेळा गेलंय. विषय संपला." छापल्या. दिल्या नाहीत.

बुध., ९
सकाळी अम्मीच्या फोनवर सहज उघडलं. कॉलेजचं नाव, बोधचिन्ह, खाली पांढरं. तीनदा उघडलं. तेच.
ऑफिसात मी कायम लॉगिन केलेली असते, म्हणून मला नावं दिसतात. बाहेरच्यांना सर्व्हर नुसतं रिकामं पान देतो आणि वर २०० म्हणतो. आत काय आहे हे माझी तपासणी बघतच नाही. बाकीच्या पोरींनी यादी कॉलेजच्या फळ्यावर वाचली असणार. शाहूवाडीहून फळा बघायला कोण येतंय. आणि मी त्या माणसाला तोंड वर करून सांगितलं, चालू होतं म्हणून. लाज वाटते.

गुरु., १०
दुरुस्ती अर्ध्या तासात केली. दादांना सांगितलं. "झालं न्हवं दुरुस्त? मग गप बस की. काम जाईल हातातलं, तुझी नोकरी बी." भीती वाटली. रागही आला. जेवण गेलं नाही.

शुक्र., ११
दादांना न सांगता कॉलेजात गेले. यादी बाहेर कुणालाच दिसत नव्हती, चूक माझी, असं लिहून सही करून दिलं. क्लार्कबाई वाचून म्हणाल्या, "जागा दुसरीला दिली की. हुपरीची हाय. काल ट्रंक घिऊन आली बी. आता तिला काढू व्हय?" प्राचार्य सोमवारी बघतील म्हणे.

शनि., १२
अश्विनीच्या वडिलांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी पोरीचं काय चुकलं न्हाय. मी लई बोललो ओ तिला." फोन तिच्याकडे दिला.
"ताई, आत्ताच उघडलं मी. दिसतंय की माझं नाव. मिळाली म्हणायची का जागा?"
सोमवारी कळेल म्हटलं. बरं म्हणाली.
साइटवरची जुनी यादी उतरवायची राहिलीच माझ्याकडून. मघापासून स्क्रीनसमोर बसले आहे. उतरवली तर तिचं नाव परत जाईल. ठेवली तर…