चोरचोळीचा बदाम

परतूर,
१२ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आत्यास,
दैवशालाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

माझा फोन लागत नाही म्हणून तू एव्हाना कंपनीपासून माझ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला असशील. आत्या, फोन बिघडलेला नाही, तो पोलिसांकडे जमा आहे. ह्यांच्या फोनवरून बोलावं तर सासूबाई शेजारी कान देऊन बसतात, म्हणून हे पत्र. आधी बसून घे आणि मग वाच. मी घरीच आहे आणि पोटातलं बाळ ठीक आहे. सातवा लागलाय, रात्रंदिवस लाथा मारतं.

तुला तो सोन्याचा बदाम आठवतो ना, पोतीत ओवायचा? तिसऱ्या महिन्यात गुपचूप ओटी भरून माझी चोरचोळी झाली, तेव्हा चोळीच्या खणात बांधून ओटीत आला होता. जुलैत ह्यांची गाडी घसरली, पायात सळई टाकावी लागली. ह्यांची कापसाची जिनिंग दिवाळीशिवाय सुरू होत नाही, घरात पगार नाही. ओटीतली वस्तू मोडू नये म्हणतात, म्हणून मी मोडली नाही, सराफाकडे नुसती गहाण ठेवली. आता पोलीस म्हणतात की तो बदाम चोरीचा आहे. जालन्यात कुणाच्या तरी घरून गेलेला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘प्री’ कोरलंय. मी ते दुकानाचं चिन्ह समजत होते.

इथवर असतं तरी निभावलं असतं. पण त्यांनी माझा फोन उघडला आणि तुला पाठवलेला निरोप वाचला. आठवतो का? “आत्या, चोरचोळीचा बदाम सराफाकडं ठेवला. ह्यांनी विचारलं तर पैसे तू दिलेस म्हण. कुणाला बोलू नको.” फौजदारसाहेब नवीन आहेत, तरुण आहेत, लग्न झालेलं नाही. ते म्हणाले, तुम्ही स्वतःच चोरीचा लिहिलंय, आता माहीत नव्हतं कसं म्हणता? मी सांगायला गेले की साहेब, हे चोळीचं नाव आहे, तर ते म्हणाले की बाई, चोरांच्या भाषेत कशाला काहीही नाव असतं.

आता ते एकच विचारतात, बदाम दिला कुणी. आणि तेच मला सांगता येत नाही. ह्या घरात चोरचोळी भरणारीचं नाव बाळाचं बारसं होईपर्यंत काढत नाहीत. पहिल्या वेळी मी हौसेनं सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, आणि पुढं काय झालं ते तू पाहिलंस. चौथ्या महिन्यात सगळं संपलं. सासूबाई अजून म्हणतात, तोंड मिटून राह्यली असती तर आज लेकरू अंगणात खेळलं असतं. माझा विश्वास आहे की नाही ते मला विचारू नकोस. आत्या, मला भीती वाटते. पोलिसांची वाटते त्याहून जास्त ह्याची वाटते. दहा दिवसांनी ठाण्यात बोलावलंय. नाव सांगितलं नाही तर गुन्ह्यात माझं नाव घालू म्हणालेत.

ह्यांना आता सगळं कळलंय. रागावले नाहीत. पाय लांब करून बसले होते, नुसतं म्हणाले की माझ्या पायासाठी तू एवढं केलंस आणि मलाच सांगितलं न्हाईस. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

तुझी माया जशी आहे तशीच राहू दे, सध्या मला तिचाच आधार आहे.

तुझी,
दैवशाला


केदारखेडा,
१७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. दैवशाला हीस,
उषाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, एकदा रडले आणि एकदा हसले. मी बत्तीस वर्षं अंगणवाडी चालवली, पण चोरांची भाषा मला येते हे आत्ताच कळलं! त्या फौजदाराला आई-बहीण आहे की नाही?

आता कामाचं ऐक. आपल्या शेजारचा रामकिसन भोकरदनच्या कोर्टात वकिली करतो, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला की चोरीची वस्तू जवळ सापडली एवढ्यानं माणूस गुन्हेगार होत नाही. ती चोरीची आहे हे माहीत असून ठेवली, किंवा तसं वाटायला कारण असून ठेवली, तर गुन्हा. म्हणजे सगळा खटला तुझ्या त्या एका शब्दावर अडकलाय. आणि दुसरं, जबाबासाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांनी घरी येऊन घ्यायचा असतो. तेव्हा तू उंबरा ओलांडू नकोस. कुणी आलं तर चहा पाज आणि आत्याला विचारून सांगते म्हण.

नावाचं म्हणशील, तर मला तुझा राग आला. लेकराला काही होतं ते नाव घेतल्यानं नाही. मागच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं, तुझ्यासमोर आणि तुझ्या सासूसमोर. पण भीतीशी वाद घालून ती जात नाही, हे मलाही कळतं. माझ्या वेळी मी काय कमी गंडेदोरे बांधले होते? म्हणून मी तुला नाव विचारत नाही. तू सांगूही नकोस.

फक्त मी बसल्या बसल्या विचार केला. चोरचोळी भरते आई नाहीतर नणंद. तुझी आई असती तर हे पत्र तिनं लिहिलं असतं. तेव्हा मी आज आणखी एक पत्र टाकलंय. कुणाला ते विचारू नकोस.

सोमवारी मी परतूरला येते. तोवर दोन घास जास्त खा. जावईबापूंना म्हणावं, पाय जपा, पळायचं काम आम्ही बायका करतो.

आशीर्वाद आहेतच, ते मागायला पत्र लिहावं लागत नाही.

तुझी,
आत्या


केदारखेडा,
१७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. वंदना हीस,
दैवशालाच्या आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

आपली ओळख लग्नातल्या पंगतीपुरती. तरी लिहिते. तुझ्या भावजयीच्या ओटीत आलेला बदाम चोरीचा निघाला. पोलीस तिला नाव विचारतात आणि ती सांगत नाही. तिला सातवा महिना आहे.

मी तुझ्यावर काही आळ घेत नाही. हौसेनं दिलेल्या वस्तूत खोट निघाली तर देणाऱ्याच्या जिवाला काय होतं ते मी जाणते. एवढंच सांगते की तिनं तोंड मिटलंय ते तुमच्याच घरची रीत पाळायला. तू काय करावंस ते तुझं तू ठरव.

लहान-थोरांना सांगणे काहीच नाही, हे पत्र तुझ्यापुरतंच ठेव.

उषाबाई


अंतरवाली सराटी,
२६ सप्टेंबर २०२५

प्रिय दैवशाला,
वंदनाताईचे आशीर्वाद. वि. वि.

परतूरला येऊन तुझ्या दारावरून परत गेले, ह्याची माफी आधी मागते. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

बदाम मी जालन्यात बचत गटाच्या मेळाव्यात भेटलेल्या एका बाईकडून घेतला. तिनं सुनेच्या दवाखान्याचं कारण सांगितलं. पावती नाही, काही नाही. शेळ्या विकून माझ्याजवळ पैसे होते, ह्यांना न सांगता घेतला. पहिल्या वेळी मी तुला नुसता खण दिला होता आणि ते टिकलं नाही. मनात आलं, ह्या वेळी सोनं बांधावं. एवढाच माझा गुन्हा.

तुझ्या आत्याचं पत्र आलं त्या रात्री मी जेवले नाही. माझ्या भावाकडून, कल्याणकडून मला चोरीचं कळलं होतं, पण वाटायचं की आपोआप मिटेल. तू नाव घेतलं असेल म्हणून मनातून मी तुझ्यावर चिडूनही होते. आणि तू तर नाव घेतलंच नव्हतंस.

सोमवारी एसटीनं परतूरला ठाण्यात गेले. आत पाय टाकते तो तुझी आत्या फौजदारसाहेबांच्या समोर खुर्ची ओढून बसलेली. पिशवीतून हिरवा खण, नारळ, हळकुंड, सुपारी सगळं काढून टेबलावर मांडलेलं. चोरचोळी म्हणजे काय, ती गुपचूप का भरतात, तिसराच महिना का, सगळं अंगणवाडीतल्या पोरांना शिकवावं तसं चाललं होतं. दोन महिला पोलीस तोंडाला पदर लावल्यासारखा रुमाल लावून हसत होत्या. शेवटी त्यांतली एक म्हणाली की साहेब, बराबर आहे, माझी पण झाल्ती. साहेबांचा चेहरा असा झाला की मलाही त्या गडबडीत हसू आलं.

मग मी पुढं झाले आणि म्हणाले, ती चोळी मी भरली. माझं नाव वंदना. लिहून घ्या.

ज्या बाईकडून घेतला तिचं वर्णन दिलं, मेळाव्याचे फोटो दिले. तपास त्या दिशेनं चाललाय. मला कोर्टात बोलावतील तेव्हा जावं लागेल. माझ्यावर काय होईल ते अजून कुणी छातीठोक सांगत नाही, पण रामकिसन वकील म्हणतात घाबरू नका. घरी ह्यांना सांगितलं. तीन दिवस बोलले नाहीत. काल म्हणाले, पुढच्या तारखेला एसटीनं जाऊ नको, मी गाडीवर सोडतो.

दैवशाला, एक लक्षात ठेव. नाव तू काढलं नाहीस. माझं मी सांगितलं. रीत मोडलेली नाही. आता निर्धास्त झोप.

मनात राग असेल तर बाळ झाल्यावर काढ, तोवर सांभाळून ठेव.

तुझी,
वंदनाताई


परतूर,
२८ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आत्यास,
दैवशालाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

गुडघ्यांनी ऐन वेळी दगा दिला म्हणून तू बारशाला आली नाहीस, तुझी आठवण सगळ्यांनी काढली. मुलगी आहे, तुझ्यासारखाच आवाज आहे, गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. हे जिनिंगवर जाऊन राह्यलेत, थोडे लंगडतात. सराफाचं हळूहळू फेडतोय.

माझं नाव आता फक्त साक्षीदारांत आहे. त्या बाईचा माग लागला. वंदनाताईंना अजून तारखेला जावं लागतं. बदाम कोर्टाच्या हुकुमानं जिची वस्तू तिला गेला. प्रीती तिचं नाव, तेच ते ‘प्री’. तिच्या आईची शेवटची आठवण होती म्हणे. ते ऐकल्यावर मला त्याची हळहळ वाटेनाशी झाली.

बारशाला वंदनाताई येतील की नाही, धाकधूक होती. गावात लोक बोलायचे, चोरीचं सोनं देणारी. सासूबाईंनी तर घुगऱ्या निवडता निवडता विचारलं, नाव ठेवायला दुसरी कुणी बोलवायची का. मी म्हणाले, बाळाची सख्खी आत्या असताना दुसरी कशाला?

आल्या. मागं उभ्या राहिल्या. मी हात धरून पाळण्याशी आणलं. त्यांनी वाकून कानात नाव सांगितलं, आणि बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घातले. त्या रडत होत्या. धपाट्यांनी की कशानं, कुणाला कळलं नाही.

मग सगळ्या गप्प झाल्यावर, सासूबाईंच्या समोर, मी मोठ्यानं म्हणाले की आता बारसं झालं, आता मी सांगू शकते. माझी चोरचोळी वंदनाताईंनी भरली होती.

आत्या, पाळण्यातली त्या आवाजानं जागी झाली, आणि हसली.

तुझ्या नातीचा पापा ह्या पत्रात घालून पाठवते, पोचला की कळव.

तुझी,
दैवशाला