आईच्या पातळाचं फडकं

चकलांबा, ५ मार्च

चि. ज्योत्स्नाला जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

फोनवर मला ऐकू येत नाही, तू ओरडतेस आणि हॉस्टेलच्या पोरी हसतात, म्हणून पत्रच बरं. आपला कॉम्प्युटर चालूच होईना. तुझ्या आईनं हयातीत गायलेली भीमगीतं त्यातच आहेत, दुसरीकडे कुठं नाहीत. मोठा स्पीकर लावला की तिचा आवाज तेवढा कानात शिरतो. यंदा जयंतीला विहारात लावायची आहेत. शेजारचा बंकट म्हणाला, भंगारात टाका. मी सांगितलं, कॉम्प्युटर बनतो कसा तेच माझी पोरगी शिकायलीय. काय करू ते कळव.

तुझा बाबा, संजय

छत्रपती संभाजीनगर, १० मार्च

ती. बाबांस सविनय जय भीम.

बंकटकाकांचं ऐकू नका. वीज पुरवणारा भाग जळला असेल, तो बदलता येतो. गाणी आत एका बंद डबीत आहेत. सरांनी परवाच शिकवलं, डबीत चकचकीत तबकडी गरगर फिरते आणि वर सुई तरंगते, टेकत नाही. मधली फट इतकी बारीक, की धुळीचा एक कण गेला तरी सगळं संपलं. इंग्रजीत रोज रडणारी मी, पण हे लगेच समजलं बघा. परीक्षा झाली की येते. गोळ्या वेळेवर घ्या आणि लेकीवर माया असू द्या.

तुमची ज्योत्स्ना

चकलांबा, १६ मार्च

चि. ज्योत्स्नाला आशीर्वाद.

धुळीचं वाचून जीव थाऱ्यावर राहिना. आपल्याकडं धूळ किती, तुला ठाऊक आहे. बंकटकडून बारीक पेचकस आणला आणि डबी उघडली. तू लिहिलीस तशीच तबकडी, आरशासारखी. आईच्या जुन्या पातळाचं मऊ फडकं घेतलं, हलक्या हातानं पुसली, सुईसुद्धा पुसली. आता कण म्हणून राहिला नाही. विहारात सगळ्यांना सांगून ठेवलंय. बापालाही शिकवलंस, अशीच शिकत राहा.

तुझा बाबा

छत्रपती संभाजीनगर, २१ मार्च

ती. बाबांस जय भीम.

पत्र वाचून सरांकडं धावले, मग दुरुस्तीच्या दुकानांत फिरले. सगळे एकच सांगतात. बाबा, आईचा आवाज गेला. तुमची चूक नाही. धुळीचं एवढं रंगवून लिहिलं, पण उघडू नका म्हणायचं मला सुचलं नाही. आवाज का गेला ते मला नीट समजतं, त्याचंच जास्त रडू येतं. परत आणायचं कुणीच शिकवत नाही.

विहारात मी येऊन सांगेन. तुमच्या कानाशी बसून ती गाणी म्हणेन, आईसारखी येणार नाहीत, तरी गोड मानून घ्या.

ते फडकं मात्र धुऊ नका.

तुमची ज्योत्स्ना