रिकामी पेरणी

१२ सप्टेंबर १९७६
आलो एकदाचे! ट्रकमधून उतरले तेव्हा अंगावर एवढी धूळ होती की माझ्या सात वर्षांच्या सोजरने मला ओळखलंच नाही, आणि मग हसून हसून तिला उचक्या लागल्या. धरणाच्या पाण्यात आमचं गाव गेलं. त्याच्या बदल्यात मंद्रूपच्या पुढे चार एकर रान आणि रानातच एक पत्र्याची खोली मिळाली. दार पूर्वेला. दारात उभं राहिलं की दिसतं ते सगळं आपलंच! ह्यांनी मूठभर माती कपाळाला लावली आणि हळूच डोळे पुसले. मी बघितलं नाही असं दाखवलं. (नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण वहीत कोण ऐकतंय? रामहरी!) ही वही निघताना गुरुजींनी दिली. म्हणाले, चांगुणा, सातवी शिकलेली बाई आहेस, नव्या जागेची हकिकत लिहीत जा.

१५ सप्टेंबर
चूल घातली, जमीन सारवली. पलीकडच्या वस्तीवरची निंगव्वा म्हातारी तांब्याभर ताक घेऊन आली. मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत घुसते, मग मी नुसती मान डोलावते. म्हणाली, गेल्या साली दुसऱ्या बुडालेल्या गावचं एक जोडपं ह्याच खोलीत होतं, गेलं सोडून. का म्हणून विचारलं तर ताकाची चव कशी आहे ते विचारत बसली. एवढं सोन्यासारखं रान टाकून जाणारे कसले करंटे! आम्हाला तर बजावूनच सांगितलंय की तीन वर्षं इथं राहून रान कसलं तरच ते नावावर होणार. आणि आम्ही जाणार तरी कुठे? गावच्या देवळाचा कळससुद्धा पाण्याखाली आहे.

१९ सप्टेंबर
हे सकाळी तणतणतच आले. पूर्वेच्या कडेला आपल्या रानात कुणीतरी पेरणीची तिफण घातलीय. शेजारी शेजारी तीन काकऱ्या, अगदी दोरी धरल्यासारख्या सरळ रेघा. ह्यांचं म्हणणं, कुणीतरी बांध कोरतंय. पण त्या बाजूला शेजारीच नाही, नुसती पडीक आणि बाभळी. मी म्हटलं, बाभळींनाच रान हवं असेल. ते हसले नाहीत. बोटाने काकरी उकरून पाहिली तर आत एक दाणा नाही. बी न सोडता तिफण कोण हाकतं? गडी पुढे बैल हाकतो आणि मागून बाई तीन नळ्यांच्या चाड्यावर मूठ धरून बी सोडत चालते, तेव्हा कुठे पेरणी होते. ही नुसती रिकामी.

२२ सप्टेंबर
काकऱ्या आता नऊ झाल्या आणि घराकडे वीस पावलं सरकल्या. हे दोन दिवस काठी घेऊन तिथं बसले होते. दुपारी भाकरी खायला घरात आले, तेवढ्यात तीन वाढल्या. बैलांच्या खुरांची खूण कुठेच नाही. ह्यांची भाकरी ताटात तशीच राहिली. मला भीती वाटते असं मी कुणाला म्हटलं नाही, पण वाटते.

२५ सप्टेंबर
निंगव्वाला हात धरून बसवलं आणि सांगितल्याशिवाय सोडलं नाही. म्हणाली, “चन्नवीर पेरतोय की, यव्वा. हे रान त्याचं. बुडालेल्या गावांसाटी सरकारनं रान काढून घेतलं तवा पेरणी अर्धी ऱ्हायली हुती, तितंच काकरीत पडून मेला. बायकू आदीच गेलेली. मूठ धराय कुणी न्हाय, म्हून मूठ मागतोय.”

गेल्या सालच्या त्या जोडप्यातल्या कस्तुराबाईला भर दुपारी बैलांची घुंगरं ऐकू आली. भांडी घासता घासता ती उठली आणि मूठ मिटून रानात चालत गेली. काकऱ्यांमागे तिची पावलं रानाच्या मध्यापर्यंत होती, पुढे नाहीत. माहेरी पळाली असं पोलिसांनी लिहून घेतलं म्हणे. नंतर तेवढ्याच काकऱ्यांत जोंधळा उगवला, तो कुणी कापला नाही.

अजून अर्धं रान राहिलंय.

२८ सप्टेंबर
दुपारी घुंगरं वाजली. लांबून, बैल हळू चालावेत तशी. हे शेजारीच बसले होते, त्यांना काही ऐकू आलं नाही. माझा उजवा हात आपोआप मिटला. ह्यांनी दोन्ही हातांनी बोटं उघडली तेव्हा उघडला. तळव्यात नखं रुतून रक्त आलं होतं.

३० सप्टेंबर
जायचं ठरलं. रान गेलं तर गेलं. हे होटगीला बैलगाडी बघायला गेले, बियाण्याचं पोतंही घेऊन गेले. घरात नुसतं पीठ, जोंधळ्याचा एक दाणा ठेवला नाही. मला शपथ घातलीय, उंबरा ओलांडायचा नाही.

१ ऑक्टोबर
उजव्या हाताची बोटं सरळ करून लाकडी पट्टीला चिंधीने घट्ट बांधली. गाठ सोजरने मारली. आता मिटूच शकत नाही. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर वेडंवाकडं. दुपारी घुंगरं आली, दारासमोरून गेली. हात मिटला नाही. जिंकले मी!

३ ऑक्टोबर
गाडी नाही. हे नाहीत. निंगव्वाही येत नाही. काकऱ्या दारापासून दहा पावलांवर.
घुंगरं आज थांबली. दारासमोर. बराच वेळ.

४ ऑक्टोबर
सोजर खेळत नाही. उजवा हात पाठीमागे धरून बसते. भाकरी डाव्या हाताने खाल्ली —

५ ऑक्टोबर, दुपार
हात दाखव म्हटलं. दाखवला. मूठ. उघड म्हटलं. “उगडत न्हाय गं, आये.”
एकेक बोट उचकटलं. जोंधळे. घरात दाणा नाही, तिच्या मुठीत जोंधळे. जमिनीवर सांडले ते तीन ओळींत —

मीच केलं हे. माझा हात बांधला म्हणून तो तिच्याकडे —

घुंगरं उंबऱ्याशी. ती उठतेय. पदराने माझ्या कमरेला बांधलीय, तरी ओढतेय. एवढंसं पोर, एवढा जोर —

दातांनी माझ्या हातावरच्या पट्टीची गाठ सोडतेय. सुटली.

चन्नवीरदादा, तिला सोडा. सात वर्षांची आहे ती. तिची मूठ तीन नळ्यांना पुरायची नाही. माझी बघा. आठ वर्षं ह्यांच्या मागे पेरलंय मी, एक नळी कधी रिकामी गेली नाही. मी येते. सगळं रान पेरून देते —

मिटली माझी मूठ. दाणे आले. बघा, भरली. आता तिची उघडा —

सोजर, चुलीपाशी बस, बापाची गाडी येईल. बाहेर बघू नको. तुझी सुटली का? हात दाखव. सोजर, आधी हात दाख —